निर्धार पुरतो का?

धूम्रपान सोडण्याबद्दल आपल्याकडे दोन मतं ठाम आहेत. एक म्हणतं, मनावर घेतलं की सुटतं, त्यासाठी दवाखाना कशाला? दुसरं म्हणतं, निकोटिनची ओढ शरीराला जडलेली असते, तिच्यावर उपचार आहेत आणि ते घ्यायला हवेत. हा वाद परिसंवादांपेक्षा घराघरांत जास्त होतो, म्हणून तो इथे घरातल्याच दोन माणसांच्या तोंडी दिला आहे. मामा एसटीचे निवृत्त चालक. कराड–चिपळूण मार्गावर, कुंभार्ली घाटात त्यांची उभी नोकरी गेली. पंचवीस वर्षं विडी ओढल्यावर एका आषाढीला त्यांनी पंढरपुरात माळ घातली आणि पुन्हा विडीला हात लावला नाही. त्यांची भाची जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्तीची समुपदेशक आहे. मामांचा मुलगा चाकणच्या कारखान्यात कामाला आहे. तो दिवसाला पंधरा-एक सिगारेटी ओढतो आणि अडतिसाव्या वर्षीच त्याला रक्तदाब निघाला आहे. ही माणसं काल्पनिक आहेत. त्यांच्या बोलण्यातली आकडेवारी आणि औषधांची माहिती मात्र खरी आहे.

मामा : तू म्हणे पोराला तुमच्या दवाखान्यात बोलावलंस. गोळ्या देणार आहेस त्याला?

भाची : गोळ्या डॉक्टर देतील, मामा. मी आधी त्याच्याशी बोलणार आहे. पण औषध लागेल असं मला वाटतं.

मामा : इथंच माझं बिनसतं. ताप आला तर गोळी, हाड मोडलं तर प्लास्टर. सिगारेट आपण आपल्या हातानं पेटवतो. ज्या हातानं पेटवली त्याच हातानं टाकायची. मी टाकली. पांडुरंगाच्या पायाशी डोकं ठेवलं, बाहेर येऊन बंडल आणि काडेपेटी फेकून दिली. त्यावर एक गोळी खाल्ली नाही.

भाची : तुम्ही सोडलीत याचं मला फार कौतुक आहे. आणि तुमच्या बाजूचा एक मोठा मुद्दा मीच सांगते. जगभर ज्यांनी आजवर धूम्रपान सोडलं, त्यांतल्या बहुतेकांनी ते औषधाविनाच सोडलं आहे.

मामा : मग वाद संपला की!

भाची : नाही संपला. बहुतेकांनी औषधाविना सोडलं, कारण बहुतेक जण औषधाविनाच प्रयत्न करतात. एकेका प्रयत्नाचं काय होतं ते बघा. कुणाची मदत न घेता, आज ठरवलं आणि सोडली, असे शंभर जण घेतले तर सहा महिने ते वर्षभरानंतर त्यांतले तीन ते पाच जणच टिकलेले असतात. तुम्ही त्या तीन-पाचांतले. उरलेले पंच्याण्णव आपल्याला दिसत नाहीत, कारण पुन्हा ओढायला लागलेला माणूस ते गावभर सांगत नाही.

मामा : ते पंच्याण्णव मनाचे कच्चे.

भाची : दादा श्रावण पाळतो ना?

मामा : कडक पाळतो. महिनाभर सिगारेटला शिवत नाही. म्हणूनच तर माझा जीव तुटतो. महिनाभर जमतं, मग बारा महिने का जमू नये?

भाची : मनाचा कच्चा माणूस तीस दिवस तलफ मारून रात्रपाळी करू शकेल का? त्याचं मन पक्कं आहे, हे तुम्हीच सांगताय. मग अडतं कुठे, ते शोधायला हवं. माझं काम तेच आहे.

मामा : सांग, कुठं अडतं?

भाची : दोन ठिकाणी. एक शरीरात आणि दुसरं रोजच्या जगण्यात. शरीराचं आधी सांगते. झुरका घेतला की निकोटिन फुफ्फुसातून रक्तात उतरतं आणि दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. तिथे डोपामिन सुटतं, बरं वाटतं. थोड्या वेळानं तो परिणाम उतरतो आणि पुढची हवीशी वाटते. वर्षानुवर्षं रोज पंधरा वेळा हे घडलं की मेंदू त्याप्रमाणे बदलतो आणि निकोटिनला धरणाऱ्या जागांची संख्या वाढते. मग माणूस मजेसाठी ओढत नाही, नाही ओढली तर होणारी तगमग थांबवण्यासाठी ओढतो. सोडल्यावर चिडचिड होते, झोप उडते, कामात लक्ष लागत नाही, सारखी भूक लागते, पोट साफ होत नाही, उदास वाटतं. हा त्रास पहिल्या आठवड्यात सगळ्यांत जास्त असतो. तीन-चार आठवड्यांत तो बराचसा ओसरतो.

मामा : मलाही झाला. पहिले आठ दिवस घरात कुणी माझ्या वाटेला जात नव्हतं. तुझी मामी माहेरी निघाली होती. पण काढले मी ते दिवस.

भाची : तुमच्याबरोबर आणखी कुणी सोडली होती?

मामा : दिंडीतल्या आम्ही पाच जणांनी मिळून शपथ घेतली होती.

भाची : बाकीचे चौघे आता काय करतात?

मामा : एकानंही शपथ मोडली नाही. विडी कुणी ओढत नाही.

भाची : आणि तंबाखू?

मामा : तिघं मळतात. त्यांतला एक तर डबी उशाशी घेऊन झोपतो. पण विडी नाही, हे मान्य कर.

भाची : मान्य. आणि म्हणूनच ते तिघे मला महत्त्वाचे वाटतात. दिलेला शब्द पाळणारी माणसं आहेत ती. विडी त्यांनी शपथेप्रमाणे सोडली, पण शरीराला हवं असलेलं निकोटिन दुसऱ्या वाटेनं घेतलं. मनाचा निर्धार होता, शरीराकडे मात्र कुणी पाहिलं नव्हतं. आपल्या राज्यात ही वाट फार सोपी आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, आणि धूर न काढता तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. त्यात मळलेली तंबाखू आली, गुटखा आला, बायकांची मिश्री आली, विदर्भातला खर्रा आला. टपरीवर सिगारेटच्या शेजारीच पुडी लटकलेली असते. सिगारेट सोडून पुडी धरली तर दम लागायचा थांबेल, पण तोंडाच्या कर्करोगाची भीती दाराशी येते.

मामा : मग तू तरी वेगळं काय करतेस? सिगारेट काढून घेणार आणि निकोटिनचाच च्युइंगम हातात देणार. एक डबी काढून दुसरी डबी!

भाची : रास्त शंका आहे, बरेच जण विचारतात. निकोटिन सवय लावतं. पण कर्करोग, फुफ्फुसांचे आजार, हृदयविकार हे मुख्यतः धुरातून येतात. सिगारेटच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात आणि त्यांतली सत्तरेक तरी कर्करोगाला कारण होणारी आहेत. मळलेल्या तंबाखूत धूर नसला तरी तसली विषं असतातच. औषधाच्या गममध्ये तंबाखू नसते, मोजून घातलेलं निकोटिन असतं. ते तोंडातून सावकाश रक्तात जातं, झुरक्यासारखी तरतरी देत नाही, म्हणून त्याची तशी चटकही लागत नाही. आणि ते कमी करत करत ठरलेल्या मुदतीत बंद करायचं असतं. मला सांगा, कुंभार्ली घाट उतरताना तुम्ही काय करायचा?

मामा : गाडी खालच्या गिअरमध्ये टाकायची. नुसत्या ब्रेकवर घाट उतरवला तर ब्रेक तापतात, मग ऐनवेळी लागत नाहीत.

भाची : ब्रेक लागतातच, पण सगळा भार तुम्ही त्यांच्यावर टाकत नाही. गम आणि पट्टी तेवढंच काम करतात. ब्रेक दादाच्याच पायाखाली राहतो.

मामा : ड्रायव्हरला घाट शिकवतेस! पण गमचं मला ठाऊक आहे. आमच्या डेपोतल्या एकानं आणले होते. दोन दिवसांत टाकून दिले. म्हणाला, घसा जळतो, उचक्या लागतात, मळमळतं आणि तलफ आहे तिथंच.

भाची : चघळायचा कसा, हे त्याला कुणी सांगितलं नसणार. साध्या च्युइंगमसारखा सलग चघळला की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं. तिथे त्याचा उपयोग होत नाही, उलट जळजळ आणि उचक्या होतात. हा गम हळूहळू चावायचा. जीभ चुरचुरली, तिखटसर चव आली की चावणं थांबवायचं आणि गम गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवायचा. चव गेली की पुन्हा थोडं चावायचं, मग दुसऱ्या बाजूला ठेवायचा. असा एक गम अर्धा तास पुरतो. आधीची पंधरा मिनिटं आणि तोंडात गम असताना चहा, कॉफी, लिंबू सरबत, सोडा काही घ्यायचं नाही, कारण तोंडात आंबटपणा असला की निकोटिन शोषलंच जात नाही.

मामा : आणि आमच्याकडे चहा प्यायला की विडी लागते. त्यानं चहा संपवून लगेच गम टाकला असणार.

भाची : अगदी तसंच झालं असेल. शिवाय मात्रा कुणी पाहिली होती? २ मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ मिलिग्रॅमच्या गमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. कुणाला किती लागेल, हे ठरवायला आम्ही सगळ्यांत आधी विचारतो, सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात पेटते? अर्ध्या तासाच्या आत असेल तर शरीर निकोटिनवर चांगलंच विसंबलेलं आहे असं समजायचं.

मामा : आमच्या पोराची तर दात घासायच्या आधी.

भाची : म्हणून त्याला २ मिलिग्रॅमचे चार गम देऊन भागणार नाही. त्याच्यासारख्याला पट्टी आणि गम दोन्ही देतात. पट्टी रोज सकाळी दंडावर किंवा छातीवर, केस नसलेल्या कोरड्या जागी लावायची, रोज जागा बदलायची. ती दिवसभर थोडं थोडं निकोटिन सोडत राहते. मध्येच तलफ उसळली तर गम. दोन्ही एकत्र वापरले तर एकट्या पट्टीपेक्षा किंवा एकट्या गमपेक्षा जास्त लोकांची सुटते. पट्टी २१ मिलिग्रॅमवरून १४ वर आणि मग ७ वर आणायची. साधारण दोन ते तीन महिन्यांत बंद.

मामा : आणि गोळ्या कसल्या?

भाची : प्रामुख्यानं दोन आहेत, दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यायच्या. ब्युप्रोपिऑन हे मूळचं नैराश्यावरचं औषध. त्यानं तलफ उतरते असं दिसल्यावर १९९७ मध्ये अमेरिकेत ते धूम्रपान सोडण्यासाठी मंजूर झालं. ज्याला फिट येतात त्याला ते देत नाहीत. त्यानं रक्तदाबही वाढू शकतो, म्हणून दादाच्या बाबतीत डॉक्टर आधी विचार करतील. दुसरं व्हॅरेनिक्लिन. मेंदूत निकोटिन जिथे बसतं, तिथेच ते जाऊन बसतं आणि थोडासाच परिणाम करतं. त्यामुळे तगमग कमी होते, आणि मोहानं सिगारेट ओढलीच तरी पूर्वीसारखं बरं वाटत नाही. सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करायचं, पुढे बारा आठवडे घ्यायचं. मळमळतं, म्हणून जेवल्यावर घ्यायचं. काहींना चित्रविचित्र स्वप्नं पडतात.

मामा : स्वप्नं पडतात म्हणजे डोक्यावर परिणाम होत असणार.

भाची : ती भीती डॉक्टरांनाही होती. म्हणून आठ हजारांवर लोकांची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. व्हॅरेनिक्लिन घेणाऱ्यांत गंभीर मानसिक त्रासाचं प्रमाण नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा लक्षणीय वाढलेलं दिसलं नाही. कुणाला आधीपासून मानसिक आजार असेल तर डॉक्टर त्याच्यावर जास्त लक्ष ठेवतात. हे औषध ज्या पदार्थावरून सुचलं तो सायटिसिन एका झाडाच्या बियांतून मिळतो. बल्गेरियात तो १९६४ पासून याच कामासाठी वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं जुलै २०२४ मध्ये तंबाखू सोडण्याच्या उपचारांची पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत निकोटिनची उत्पादनं, ब्युप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिन आणि सायटिसिन या चारही गोष्टी आहेत.

मामा : एवढं सगळं केल्यावर शंभरात किती जणांची सुटते?

भाची : चाचण्यांमध्ये औषधाविना साधारण सहा जण सहा महिने टिकतात. त्यांना तिथे थोडं मार्गदर्शन मिळतंच, म्हणून सहा. एकट्या गमनं किंवा पट्टीनं नऊच्या आसपास, दोन्ही मिळून बारा आणि व्हॅरेनिक्लिननं चौदा.

मामा : शंभरात चौदा! आणि मघाशी मला तीन-पाचांचा हिशेब सांगत होतीस. शहाऐंशी जण तर तुझ्याही दारातून परतच जातात.

भाची : जातात, आणि मी हे कुणापासून लपवत नाही. पण सहाचे चौदा होणं म्हणजे दुपटीहून जास्त. शिवाय हा एका प्रयत्नाचा हिशेब आहे. बहुतेकांना सुटेपर्यंत अनेकदा प्रयत्न करावा लागतो, आणि प्रत्येक वेळी आधीच्या वेळी काय चुकलं ते आम्हाला कळलेलं असतं. त्या चौदांना काय मिळतं तेही बघा. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ पासून तिथल्या डॉक्टरांचा अभ्यास सुरू केला. तो पन्नास वर्षं चालला. साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्याचं आयुष्य, ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत, सरासरी तीन वर्षांनी वाढलेलं दिसलं. पन्नासाव्या वर्षी सोडली तर सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ आणि तिसाव्या वर्षी दहा वर्षं. दादाच्या वयाला सोडली तर नऊ वर्षांची गोष्ट आहे, मामा.

मामा : नऊ वर्षं. त्याच्या पोरीचं लग्न त्यात होईल.

भाची : त्यासाठीच मला एकही संधी वाया घालवायची नाही.

मामा : पण मधला मार्ग नाही का? पंधराच्या दोन झाल्या तरी मला समाधान आहे.

भाची : हृदयाच्या बाबतीत तो मार्ग फसवा आहे. बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. दिवसाला वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जेवढा जास्तीचा धोका असतो, त्याच्या जवळपास निम्मा धोका दिवसाला एकच ओढणाऱ्यालाही राहतो. रक्तदाब असलेल्या माणसाला तेवढाही परवडणार नाही. कमी करणं ही पायरी होऊ शकते, पण तिथेच थांबायचं नाही.

मामा : त्याच्या कंपनीतली पोरं ती बॅटरीवरची सिगारेट ओढतात. तिच्यानं सुटते म्हणतात.

भाची : ब्रिटनमध्ये ती मदत म्हणून सुचवतात. आपल्याकडे २०१९ मध्ये कायद्यानं तिच्या विक्रीवर बंदी आली. चोरून मिळणाऱ्या वस्तूत काय भरलंय याची खात्री कोण देणार? मी तिचं नाव घेणार नाही.

मामा : बरं, आता मला श्रावणाचं उत्तर दे. शरीराचा त्रास तीन-चार आठवड्यांत ओसरतो, असं तू म्हणालीस. श्रावण महिनाभराचा. म्हणजे भाद्रपद उजाडेपर्यंत त्याचं शरीर मोकळं झालेलं असतं. मग गणपतीत पुन्हा का पेटते? तिथं तुझी पट्टी काय करणार?

भाची : तिथे पट्टी फारसं काही करणार नाही. हे दुसरं ठिकाण, रोजचं जगणं. श्रावणात आजूबाजूचे पुष्कळ जण काही ना काही पाळत असतात. 'श्रावण आहे' एवढं म्हटलं की कुणी आग्रह करत नाही. आणि त्यानं मनाशी महिनाभराचीच मुदत घातलेली असते. मुदत संपते, रात्री दोनला चहाची सुट्टी होते, गेटबाहेर टपरी असते, तिथे सुटी सिगारेट मिळते, मित्र हात पुढे करतो. मग सुट्टीच्या दिवशी बैठक बसते. या प्रत्येक गोष्टीला त्याच्या डोक्यात सिगारेट जोडलेली आहे. औषध घेऊन ते जोड तुटत नाहीत, एकेक करून तोडावे लागतात.

मामा : ते कसे?

भाची : मी कागदावर लिहून घेते. कोणत्या वेळी ओढता, कुणाबरोबर, राग आल्यावर की कंटाळा आल्यावर? मग एकेका ओळीपुढे त्या वेळी काय करायचं ते ठरवतो. चहा टपरीऐवजी कॅन्टीनमध्ये घ्यायचा. पहिला महिना तरी दारूच्या बैठकीला जायचं नाही, कारण पुष्कळ जण तिथेच घसरतात. तलफ आली की ती तीन ते पाच मिनिटं जोर करते आणि उतरते. तेवढा वेळ टाळायचं, पाणी प्यायचं, दोन-चार दीर्घ श्वास घ्यायचे, उठून चालायला लागायचं. आणि चहा निम्म्यावर आणायचा.

मामा : चहानं काय घोडं मारलंय?

भाची : सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफिन लवकर संपवतं. धूर थांबला की तेच कॅफिन रक्तात जास्त वेळ राहतं. रोजच्याइतकाच चहा प्यायला तरी छाती धडधडते, झोप येत नाही. माणसाला वाटतं, सिगारेट सोडल्यामुळे हे होतंय, आणि तो परत पेटवतो. दम्यासाठी थिओफिलिन किंवा मनाच्या आजारासाठी क्लोझापिन घेणाऱ्यांनाही हे लागू आहे. सोडण्याआधी त्यांनी डॉक्टरांना सांगायला हवं, कारण त्यांच्या औषधाची मात्रा बदलावी लागू शकते. वजनाचंही आधीच सांगते. वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतं. ते माहीत असलं की माणूस घाबरत नाही.

मामा : तू हे सगळं कागदावर लिहून करतेस. माझ्या माळेनं ते आपोआप झालं. माळकऱ्यापुढं कुणी विडी धरत नाही. त्याला बैठकीला कुणी बोलावत नाही. संध्याकाळी हरिपाठाला बसलं की आजूबाजूला आपल्यासारखेच लोक. रिकामा वेळच उरत नाही.

भाची : हे मला मनापासून पटतं, आणि यासाठीच मी म्हणते की तुम्ही ती एकट्यानं सोडली नाहीत. तुमच्याबरोबर चार जणांची शपथ होती, दिंडी होती, रोजचा हरिपाठ होता आणि माहेरी जाते म्हणून न गेलेली मामी होती. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेनं २०१६ पासून दारू आणि तंबाखूविरुद्ध 'मुक्तिपथ' हा कार्यक्रम चालवला. त्यात गावाचे निर्णय, शाळा, शासन आणि व्यसनींसाठी उपचार, सगळं एकत्र धरलं आहे. कारण एकट्या माणसाच्या निर्धारावर सगळं सोपवलं की तो थकतो. चाकणच्या भाड्याच्या खोलीत दादाबरोबर कोण आहे?

मामा : तीन सहकारी. तिघंही ओढतात.

भाची : म्हणजे त्याला तुमच्यापेक्षा जास्त मदत लागणार.

मामा : आणि ती मदत सरकारी दवाखाना करणार? मी छाती दाखवायला गेलो होतो तेव्हाचं सांगतो. डॉक्टरनं मान वर केली नाही. 'विडी सोडा' म्हणाला, चिठ्ठी दिली, पुढच्याला हाक मारली. असं मी वर्षानुवर्षं ऐकलं.

भाची : तो दोष आमच्या बाजूचा आहे. या कामाच्या पाच पायऱ्या शिकवतात. ओढता का ते विचारायचं, सोडायचा स्पष्ट सल्ला द्यायचा, माणसाची तयारी किती आहे ते जोखायचं, सोडायला प्रत्यक्ष मदत करायची आणि पुन्हा भेटायची तारीख द्यायची. पुष्कळ ठिकाणी दुसऱ्या पायरीवरच काम थांबतं. रांगेत शंभर माणसं उभी असताना ते का थांबतं, हे मला कळतं, पण त्यानं सोडू पाहणारा माणूस रिकाम्या हातानं परततो. सोडल्यानंतरचे पहिले चार आठवडे आम्ही संपर्क ठेवला नाही, तर महागातलं औषधही निम्मं वाया जातं.

मामा : आणि ज्याच्या गावाला समुपदेशक नाही त्यानं?

भाची : त्याच्यासाठी फोन आहे. १८००-११-२३५६. केंद्र सरकारनं २०१६ मध्ये सुरू केलेली ही तंबाखूमुक्तीची सेवा आहे, पैसे पडत नाहीत. सोमवार सोडून रोज सकाळी ८ ते रात्री ८. दिल्लीला सुरुवात झाली, पुढे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातही तिचं केंद्र झालं. समुपदेशक तारीख ठरवायला मदत करतात आणि नंतर स्वतःहून फोनही करतात. १ सप्टेंबर २०१८ पासून हा क्रमांक सिगारेटच्या पाकिटावर आणि विडीच्या बंडलावर छापणं सक्तीचं आहे. रोज हातात येतो, पण लावतात फार थोडे.

मामा : का लावत नसतील?

भाची : लाजेनं. सोडवत नाही हे कबूल करायला लागतं ना.

मामा : एक विचारू? पोरगा तुझ्याशी मोकळेपणानं बोलतो. खरं सांग, अजून किती ओढतो?

भाची : ते मी सांगणार नाही, मामा. माझ्याशी कुणी बोललेलं माझ्यापाशीच राहतं. तुम्ही बोललात तर तेही राहील.

मामा : नको सांगूस. मला ठाऊक आहे. तो घरात शिरायच्या आधी वेलदोडा चघळतो. दिवाळीला म्हणाला, 'आप्पा, सोडली.' मी मान हलवली.

भाची : तुमच्यापासून का लपवलं असेल त्यानं?

मामा : मी त्याला लहानपणापासून हेच ऐकवत आलोय. बापानं पंचवीस वर्षांची विडी एका दिवसात सोडली, ज्याच्यात दम आहे त्याला जमतं. त्याला जमलं नाही, तर तो कोणत्या तोंडानं सांगणार?

भाची : हेच मला रोज दिसतं. एक सिगारेट ओढली की माणसाला वाटतं, झालं, आपल्यात दम नाही, आणि तो अख्खं पाकीट आणतो. ती एकच ओढली तेव्हा कुणाला सांगता आलं असतं तर तो तिथेच थांबला असता. घसरणं आणि पुन्हा ओढायला लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घसरला तर त्याच दिवशी फोन करायचा, पट्टी चालू ठेवायची, तारीख मोडली असं मानायचं नाही.

मामा : इथं मात्र मी ऐकणार नाही. प्रत्येक वेळी 'असू दे, पुन्हा प्रयत्न कर' म्हणत राहिलीस तर तो कायमचा प्रयत्नच करत राहील. औषध घेणारा माणूस औषधावर विसंबतो. पट्टी लावली, आता तीच सोडवेल असं त्याला वाटतं. कुणीतरी त्याला ठणकावून सांगायला हवं, आता एकही नाही.

भाची : तुमचं बरोबर आहे. पट्टी लावून बसणारे येतात माझ्याकडे आणि त्यांची सुटत नाही. तारीख माणसानं स्वतः ठरवावी लागते, आणि त्या तारखेनंतर एकही झुरका नाही, हाच नियम आम्हीही देतो. त्यात सवलत नाही. एवढंच म्हणते, की नियम मोडणाऱ्याला घराबाहेर काढायचं नाही. त्याला परत येता आलं पाहिजे.

मामा : मग तारीख धरूया. येती एकादशी?

भाची : ती त्याला ठरवू द्या. पुढच्या दोन आठवड्यांतली हवी, आणि शक्यतो दिवसपाळीच्या आठवड्यातली. त्याआधी तो डॉक्टरांना भेटेल, रक्तदाब बघून औषध ठरेल. त्यानं खोलीतल्या तिघांना सांगायचं, की माझ्यासमोर ओढू नका. आधल्या रात्री काडेपेटी, लायटर, राखपात्र सगळं बाहेर.

मामा : आणि मी काय करायचं?

भाची : रात्रपाळी सुरू झाली की दोनच्या सुट्टीत त्याला कुणाचा तरी फोन यायला हवा. पाच मिनिटं पुरतात, तेवढ्यात तलफ उतरते.

मामा : मी करीन. निम्मं आयुष्य रात्रीच्या फेऱ्या केल्यात, दोनला जागं राहणं मला अवघड नाही. पण बोलू काय त्याच्याशी?

भाची : 'ओढलीस का?' असं विचारू नका. आजचा दिवस कसा गेला ते विचारा. तुमचे पहिले आठ दिवस किती वाईट गेले, तेही सांगा. त्यानं तुमचा विजय ऐकलाय, तुमची तगमग कधी ऐकली नाही.

मामा : आणि त्यानं स्वतःहूनच सांगितलं, 'आप्पा, एक ओढली,' तर?

भाची : तर म्हणा, सांगितलंस ते बरं केलंस, आता पुढची नको.

मामा : पहिलं वाक्य मला जड जाईल, पण म्हणेन. दुसरं मात्र ठासून म्हणणार.

भाची : ठासूनच म्हणा. तो उपचाराचाच भाग आहे, आणि तो आमच्यापेक्षा तुमच्या तोंडून त्याला जास्त लागेल.